‘मग माझी दुधीची भाजी त्याला देऊन टाक!’

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ताटात रोज काहीतरी टाकतोच. म्हणून चित्रांचं एक पुस्तक आणलं, त्यात फुटपाथवर राहणारा एक उपाशी मुलगा आहे. जेवताना ते समोर धरून म्हटलं, बघ याला जेवायला मिळत नाही आणि तू टाकतोस, तर हा म्हणतो, मग माझी दुधीची भाजी त्याला देऊन टाक! वर विचारलं, त्याची आई त्याला का देत नाही, ती वाईट आहे का? मला काही बोलताच येईना. आणि परवा मावसभाऊ येणार म्हटल्यावर याने बिस्किटांचा पुडा उशीखाली लपवला. माझं काय चुकतंय? (एक आई, नाशिक)

उत्तर : अहो, तुमचा मुलगा हुशार आहे, त्याने बरोब्बर फट शोधली. त्याने ताट चाटूनपुसून संपवलं म्हणून त्या फुटपाथवरच्या मुलाच्या पोटात काय जाणार आहे? काही नाही. आपण मोठी माणसं हे दोन विषय एकत्र बांधतो कारण आपल्याला दुधी संपवून हवा असतो, आणि त्या पुस्तकातल्या पोराचा धाक करून टाकतो, बागुलबुवासारखा. जेवताना ते पुस्तक बाहेर काढूच नका. ताटात टाकणं थांबवायचं असेल तर कमी वाढा, परत मागू दे, विषय संपला.

भूक शिकवायची तर ती त्याच्या स्वतःच्या पोटापासून सुरू होते. खेळून आला की ‘आई भूक’ म्हणत पायात घोटाळतो ना, तेव्हा विचारा की कुठे कळलं तुला, पोटात काय होतंय, कावळे ओरडतायत का? या वयाची मुलं हे शब्दशः घेतात. आमच्या बालवाडीत एका मुलीने पोटात तीन कावळे काढले होते, आणि जेवल्यानंतरच्या चित्रात तिघंही झोपलेले. मग शांत वेळेला, पोट भरलेलं असताना, ते पुस्तक घ्या आणि पहिल्यांदा मजकूर वाचूच नका, नुसती चित्रं बघा. हा कुठे बघतोय, चूल पेटलीये का, डब्यात काय दिसतंय, याच्या पोटात किती कावळे असतील? एवढं पुरे, ‘बिच्चारा’ हा शब्द मात्र तोंडातून काढायचा नाही, कारण बिच्चारा म्हटलं की तो पोरगा वेगळ्याच जातीचा प्राणी होऊन बसतो.

आता आईचं. हा प्रश्न सोडून देऊ नका हं, नाहीतर गरीब आया प्रेम करत नाहीत असंच त्याच्या डोक्यात बसेल. सरळ सांगा की आईला द्यायचंय, खूप द्यायचंय, पण तिला आज काम मिळालं नाही म्हणून पैसे मिळाले नाहीत. ‘मग?’ असं तो विचारणारच. मग सांगा की म्हणून शाळेत सगळ्यांना खिचडी मिळते. १९९५ साली केंद्र सरकारने ही माध्यान्ह भोजन योजना सुरू केली, पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हातात नुसतं धान्य दिलं जायचं, शिजवलेलं गरम जेवणच द्या असा आदेश सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. हे आकडे तुमच्यासाठी, त्याला एवढंच कळू दे की मोठी माणसं यावर काहीतरी करतात, आणि भूक घालवायची जबाबदारी साडेचार वर्षांच्या पोराच्या ताटावर नाही.

राहिला पुडा. मला विचाराल तर त्याने काही पाप केलेलं नाही. या वयात मुलांना ‘वाटून खावं’ हे पाठ असतं, तोंडाने सांगतात पण, फक्त स्वतःची वेळ आली की हात पुढे होत नाही. मला इथे खुलभर दुधाची कहाणी आठवते, श्रावणी सोमवारची. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा ठरवला आणि घरचं सगळं दूध आणायची दवंडी पिटली, लोकांनी धाकाने सगळं आणून ओतलं, घरी वासरं आणि पोरं उपाशी, तरी गाभारा भरेना, आणि एका म्हातारीने आधी घरच्या पोरांना पाजलं, वासरांना पाजलं आणि उरलेलं खुलभर आणून ओतलं तर भरला. सक्तीने काढून घेतलेल्याने भरत नाही हे आपल्या आज्यांना माहीत होतं, आणि आपण मात्र पाहुण्यांसमोर ‘दे रे दादाला’ करून पोराच्या हातातून ओढून घेतो! त्यापेक्षा पाहुणे यायच्या आधीच विचारा, यातलं तुझ्या एकट्याचं काय ठेवायचंय? दोन बिस्किटं बाजूला ठेवू दे, बाकीचा पुडा दोघांचा. आणि एकाने तुकडे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं, बघा मग कसे मापात तुकडे पडतात. किंवा चिमणीच्या दाताने तोडायला शिकवा. फ्रॉकच्या टोकात गोळी धरून दाताने कट्कन फोडायची, ती वाटणी आम्हाला कुठल्याच पुस्तकाने शिकवली नव्हती.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. कोणीतरी पुस्तकांचा संच भेट दिला, त्यात गरीब उपाशी मुलीची गोष्ट आहे. वाचताना मुलं माझ्या वर्गातल्याच एका मुलीकडे बोट दाखवायला लागली. ती नंतर दोन दिवस आली नाही. (सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, ते पुस्तक कपाटात राहू दे. पुस्तक वाईट आहे असं नाही, पण ते भरल्या घरातल्या मुलांसाठी लिहिलंय, आणि तुमच्याकडे ती गोष्ट जगणारं मूलच समोर बसलंय. तिच्या घरी आधी जाऊन या, पुस्तकाचं काही बोलू नका, नुसतं ‘आम्ही वाट बघतोय’ म्हणा.

पुढच्या वेळी आहार वाटून झाल्यावरच गोष्ट घ्या, रिकाम्या पोटी खाण्याची चित्रं दाखवणं म्हणजे छळ आहे. गोष्ट अशी निवडा की ज्याच्याकडे कमी आहे तोच कुणालातरी काहीतरी देतो, युक्ती देतो, गाणं देतो, झाडावर चढून देतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, २०१५ पासून, मोबाईलवर उघडतात, आणि शब्द बदलून आपली आवृत्ती करायलाही परवानगी आहे, म्हणजे नको ती ‘बिचारी’ काढून टाकता येते.

पण मी तुमच्या जागी असते तर सरळ गोपाळकाला केला असता. त्याची युक्तीच अशी आहे की सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या की कुणाचं काय होतं ते ओळखू येत नाही. कुणी मूठभर पोहे आणेल, कुणी काकडी, ज्याच्याकडे काही नाही त्याने कालवायचं, आणि कालवणाराच तर सगळ्यात भाव खाऊन जातो. मुलं काला खातायत त्याची चित्रं काढून घ्या, शिवून टाका, झालं तुमचं पुस्तक. त्यात ती मुलगी कालवताना दिसू दे.

प्रश्न : नातवाला प्राण्यांच्याच गोष्टी लागतात. त्यातून वाटून घेणं वगैरे शिकतो का? (आजोबा, ठाणे)

उत्तर : कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात २०१७ साली याचाच प्रयोग झाला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट, काहींना प्राण्यांची आणि काहींना माणसांची करून वाचून दाखवली, नंतर स्टिकर दिले आणि दुसऱ्या मुलासाठी किती ठेवतात ते बघितलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांचीवाल्यांनी नाही. पण ज्यांना ते प्राणी माणसासारखे वाटत होते त्यांचा हात त्यातल्या त्यात सैल होता. म्हणजे ससा-माकड फेकून देऊ नका, पण मधूनमधून शेजारच्या बंड्याची गोष्ट रचून सांगा.

आणि भोपळ्यातल्या म्हातारीची सांगत असाल तर एक गंमत. ती लेकीकडे तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, आणि वाघ बिचारा आधी पण उपाशी, नंतर पण उपाशीच. (बघा, बिचारा मीच म्हटलं.) आमच्या बालवाडीत एकाने हे पकडलं आणि चित्रात भोपळ्याला खिडकी काढून म्हातारीच्या हाताने वाघाला रोटी दिली. तूप मात्र नाही दिलं.