बेंचवर बसणाऱ्या नव्या खेळाडूला

पहिल्या पाचांत नाव नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टीव्ह करचं बघ. 1988 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तो 50 वा. एनबीएत 910 सामने खेळला, त्यातले सुरुवातीपासून फक्त 30. तरी खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं, आणि पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक म्हणून चार!

सध्या एवढंच धर:

- एकच काम पक्कं कर. करचं काम लांबून तीन गुणांचा नेम. कारकिर्दीत असे 45.4 टक्के शॉट आत गेले.
- चेंडू येण्याआधी तयार राहा. 1997 च्या अंतिम फेरीचा सहावा सामना, 86-86 बरोबरी, शेवटचे काही सेकंद. करचा सहकारी मायकल जॉर्डनला दोघांनी घेरलं, त्याने पास दिला आणि करने थेट बास्केट केली. तूही गुडघे वाकवून, पंजे उघडे ठेवून उभा राहा. चेंडू हातात आल्यावर पाय जुळवायला गेलास, तर समोरचा अंगावर आलाच समज.
- बेंचवरून सामना वाच. कोण कुठल्या हाताने ड्रिबल करतो, दमल्यावर कोण बचावाला परतत नाही, हे टिपून ठेव. पुढे कोच व्हायचंय ना? मग हे आजपासूनच.

नवी मुलं हमखास एक चूक करतात: मैदानात उतरल्या उतरल्या स्वतःला सिद्ध करायला कसाही शॉट मारतात. आधी बचाव कर. आणि खेळायला किती मिनिटं मिळाली यावरून कोचशी वाद नको, "काय सुधारू?" असं विचार.

डावपेचांचं नंतर बघू. उद्या सरावाआधी अर्धा तास ये. एकाच कोपऱ्यातून शंभर शॉट मार, आत किती गेले ते वहीत लिही.