सिद्धता, पुरावा, शाबीत: प्रबंधात कोणता शब्द कुठे?

सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. प्रबंधाचा मराठी सारांश लिहिताना तिने एक वाक्य लिहिलं: "या प्रयोगांवरून असे सिद्ध होते की सदर संयुगामुळे जिवाणूंची वाढ मंदावते." मार्गदर्शकांनी 'सिद्ध होते'खाली रेघ ओढून 'प्रमाणित होते' असं सुचवलं. गणितातली तिची मैत्रीण म्हणते की सिद्ध हा शब्द गणिताबाहेर वापरूच नये. कायदा शिकणारा भाऊ म्हणतो की कोर्टात तर रोजच काही ना काही सिद्ध होतं. यातलं बरोबर कोण, आणि पुरावा, सिद्धता, प्रमाण, शाबीत हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

माझं मत आधीच सांगतो: चालत नाहीत, आणि रेघ योग्य जागी ओढली गेली आहे. सुचवलेला पर्याय मात्र मला पटत नाही.

शब्दांचा फरक कोशापेक्षा त्यांच्या सोबत्यांवरून लवकर कळतो. पुरावा सबळ असतो, तोकडा असतो, परिस्थितिजन्य असतो. तो गोळा करतात, सादर करतात, दडपतात, नष्टही करतात. पुराव्याअभावी माणूस सुटतो. आता या सगळ्या ठिकाणी 'सिद्धता' घालून पाहा. 'सबळ सिद्धता' असं कोणी म्हणत नाही, 'सिद्धता नष्ट केली' याला तर अर्थच उरत नाही. सिद्धता पूर्ण असते किंवा अपूर्ण, बिनचूक असते किंवा सदोष. पुराव्याला वजन असतं, म्हणून तो वाढत जातो. सिद्धतेला वजन नसतं. पायथागोरसच्या प्रमेयाच्या शेकडो सिद्धता आहेत. पण पहिली बरोबर असेल तर दुसरीमुळे प्रमेय जास्त खरं होत नाही, ते आपल्याला जास्त चांगलं समजतं इतकंच.

गणितातली मैत्रीण इतकी आग्रही का, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते, ही गोल्डबाखची अटकळ 1742 सालची. संगणकाने 4 वर 18 शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंतच्या सगळ्या सम संख्या तपासून झाल्या आहेत आणि एकही अपवाद सापडलेला नाही. कुठल्याही प्रयोगशाळेत इतका पुरावा जमला असता तर लोकांनी आनंदाने निष्कर्ष लिहून टाकला असता. गणितात मात्र ती अजून अटकळच आहे, कारण पुरावा डोंगराएवढा असला तरी सिद्धता नाही. हा हट्ट उगाच नाही. एखादी पाचवी घात पाचांहून कमी पाचव्या घातांची बेरीज असू शकत नाही असं गणितज्ञ ऑयलरला वाटत होतं, पण एक पाचवी घात चारच पाचव्या घातांची बेरीज असू शकते हे 1966 मध्ये सापडलं. 27, 84, 110 आणि 133 यांच्या पाचव्या घातांची बेरीज 144 च्या पाचव्या घाताइतकी भरते. सुमारे दोनशे वर्षं टिकलेली अटकळ एका ओळीत गेली.

शाळेच्या भूमितीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडणी करत आलो. 'साध्य' आणि 'सिद्ध' ही दोन्ही रूपं एकाच 'सिध्' धातूच्या घरातली: अजून तडीस न्यायचं ते साध्य, तडीस गेलं ते सिद्ध. पक्ष आणि साध्य हे शब्द न्यायदर्शनाच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, अनुमानातही असेच येतात. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी असणार, या अनुमानात डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य आणि धूर हा हेतू. 'लढायला सिद्ध' किंवा 'युद्धसिद्धता' यांतला तयारीचा अर्थही याच मुळातून आला आहे. म्हणजे या शब्दात 'काम पुरं झालं, आता काही उरलं नाही' हा भाव आहे, आणि प्रयोगाधारित विज्ञानाला नेमका तोच भाव परवडत नाही.

विज्ञानात पुढचा प्रयोग मागचा निष्कर्ष सुधारू शकतो, ही वाट कायम उघडी ठेवावी लागते. कणभौतिकीत तर शब्दांच्या पायऱ्याच ठरल्या आहेत: संकेत तीन सिग्मा (योगायोगापासून तो किती दूर आहे याचं माप) इतका ठळक असेल तर 'पुरावा', पाच सिग्माला पोचला तर 'शोध'. हिग्ज बोसॉनशी जुळणारा नवा कण सापडल्याचं 4 जुलै 2012 रोजी सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत जाहीर झालं, ते ही पाच सिग्माची पायरी गाठल्यावर. निव्वळ योगायोगाने तसा संकेत दिसण्याची शक्यता तिथे साधारण 35 लाखांत एक इतकी कमी असते. इतकी खात्री असूनही त्या पायरीचं नाव 'सिद्धता' नाही.

आता भावाकडे वळू. कोर्टात काही तरी पक्कं ठरतं हे त्याचं म्हणणं खरं आहे, आणि 'दोषसिद्धी', 'सिद्धदोष बंदी' हे शब्द रूढही आहेत. पण मराठी न्यायव्यवहाराचा जुना, अस्सल शब्द 'शाबीत' हा आहे आणि तो मागे पडतोय याचं मला वाईट वाटतं. 'स्थिर, पक्कं' अशा अर्थाच्या अरबी शब्दापासून तो आला. 'शाबूत', म्हणजे धडधाकट, अखंड, हा त्याचाच भाऊबंद. 1872 च्या पुरावा अधिनियमातली व्याख्या 2024 पासून लागू झालेल्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तिचा आशय असा की न्यायालयाला एखादी गोष्ट घडली असं वाटलं, किंवा समंजस माणसाने ती घडली असं धरून वागावं इतकी ती संभाव्य वाटली, तर ती शाबीत. म्हणजे कायद्याची पक्की खात्रीसुद्धा संभाव्यतेवर उभी आहे, गणितासारखी निरपवाद नाही. शिवाय तिथे तिसरा कप्पाही आहे: शाबीतही नाही आणि खोटी ठरलेलीही नाही, नुसती शाबीत न झालेली गोष्ट. संशोधकांनी हा कप्पा जरूर उसना घ्यावा. 'परिणाम आढळला नाही' आणि 'परिणाम नाही' यांतली गल्लत त्यामुळे टळेल.

साक्ष त्याहून अरुंद. 'साक्षी' म्हणजे स्वतः डोळ्यांनी पाहणारा, आणि साक्ष हे त्याचं सांगणं. उपकरणावरची नोंद हा पुरावा होतो. 'प्रयोग साक्ष देतात' हे लालित्यपूर्ण लेखनात शोभेल, प्रबंधात नको.

राहिलं 'प्रमाण'. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं. हिंदीत हा शब्द पुराव्यासाठी सर्रास चालतो, आणि 'प्रमाणित होते' ही रचना तिथूनच आपल्याकडे आली असावी असं मला वाटतं. मराठी वाचकाच्या कानात मात्र प्रमाण म्हटलं की समप्रमाण, व्यस्त प्रमाण, प्रमाण विचलन, मिठाचं प्रमाण हेच आधी वाजतं. 'प्रमाणित' म्हणजे अधिकाऱ्याने सही-शिक्का केलेलं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रबंधात तर संयुगाचं प्रमाण पानोपानी येणार. त्याच शब्दावर दुसरं ओझं टाकलं तर वाचक अडखळेल.

तेव्हा वाक्य असं करावं: "या प्रयोगांत सदर संयुगाच्या संपर्कात जिवाणूंची वाढ मंदावलेली आढळली." कार्यकारणावर भर द्यायचा असेल आणि संयुगाविना केलेले तुलनेचे प्रयोग हाताशी असतील, तर "संयुगामुळे वाढ मंदावते याला या प्रयोगांतून सबळ पुरावा मिळतो." आधीच्या कोणाच्या निष्कर्षाशी मेळ बसत असेल तर 'दुजोरा मिळतो' किंवा 'पुष्टी मिळते'. आकडेवारीच्या प्रकरणात जिवाणूंच्या वाढीचं एखादं सूत्र समीकरणांतून पायरीपायरीने काढलं असेल, तर तिथे मात्र 'सिद्ध केले' बेलाशक लिहावं.