आजोबांच्या ऑर्गनवर मुलीचं करिअर होईल का?

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत पायाचा ऑर्गन वाजवायचे. ते गेल्यावर ऑर्गन घरातच राहिला. अकरावी विज्ञानला असलेल्या मुलीने मोबाईलवर त्याचा एकेक सूर रेकॉर्ड केला आणि लॅपटॉपवर असा बसवला की साध्या कीबोर्डची पट्टी दाबली की आजोबांचा ऑर्गन वाजतो. आता जुन्या वाद्यांचे आवाज जपायचं कामच करायचं, असं तिने ठरवलं आहे. वडील विचारतात : "असं काही करिअर असते का? संगीतच करायचं आहे तर तिले आर्ट्सले टाकू का? अन् एक व्यापारी ऑर्गन मागते, त्याले देऊन टाकू का?" सोबत ऑर्गनचे फोटो आणि मुलीची रेकॉर्डिंग आहे.

भाऊ, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण व्यापारी थांबणार नाही. ऑर्गन देऊ नका. आणि दुसरं, जे तुम्ही विचारलेलं नाही : तो इतक्यात दुरुस्तीलाही देऊ नका.

तुमच्या फोटोत पट्ट्यांच्या वरच्या फळीवर 'एस्टी' आणि 'ब्रॅटलबरो' एवढं वाचता येतं. ब्रॅटलबरो हे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं गाव. एस्टी कंपनीने तिथे पाच लाखांहून जास्त पायऑर्गन बनवले आणि ते जगभर गेले. म्हणजे या जातीचा ऑर्गन दुर्मीळ आहे असं नाही. तुमचा मोलाचा आहे तो वेगळ्या कारणाने. एका फोटोत बाहेर काढलेला पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणारी जीभ, दिसतो. त्याच्या टोकाशी कानशीचे बारीक ओरखडे आहेत. पितळी जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने मधल्या 'ए' स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ ठरवली आणि पुढे अमेरिकेतल्या वाद्य कारखान्यांनीही ती घेतली. आज सगळीकडे चालते ती ४४० लंडनच्या १९३९ च्या परिषदेत ठरली. तुमचा ऑर्गन मुळात जुन्या, उतरत्या मापाचा असावा आणि पुढे कोणीतरी हाताने, सूरामागून सूर, वर चढवला असावा. तुमच्या वडिलांनीच केलं असेल किंवा त्यांच्या ओळखीच्या कारागिराने, गायक नटांच्या गळ्याला जुळावा म्हणून. तसं असेल तर ते ओरखडे म्हणजे झाडीपट्टीच्या संगीताची कागदावर कुठेच नसलेली नोंद आहे. उद्या एखाद्या दुकानात तो 'नीट ट्यून' करून आणलात तर ही नोंद घासून जाईल, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

असं मोठमोठ्या वाद्यांचंही झालेलं आहे. पियानो हे वाद्य १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने घडवलं. त्याने केलेले फक्त तीन पियानो आज उरले आहेत : न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगच्या संग्रहालयांत. त्यातला न्यूयॉर्कचा, १७२० सालचा, वाजवता येतो. पण १९३८ मध्ये त्याची आवाज घुमवणारी मूळ फळीच बदलली गेली. त्यामुळे तो ऐकताना १७२० चा किती आणि १९३८ चा किती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. म्हणून या क्षेत्रात आता रीत अशी आहे की आधी मोजमाप, फोटो आणि आवाज, मग हत्यार.

आता करिअर.

या नावाची सरकारी जागा निघत नाही, तलाठी भरतीसारखी जाहिरात येत नाही, हे खरं आहे. पण काम आहे आणि त्याचे पैसेही मिळतात. मोठ्या संग्रहालयांतली जुनी वाद्यं रोज वाजवता येत नाहीत, वाजवली तर झिजतात. म्हणून त्यांचा एकेक स्वर रेकॉर्ड करून त्यातून कीबोर्डवर वाजणारं वाद्य तयार करतात, त्याला सॅम्पलिंग म्हणतात. तुमच्या मुलीने घरी बसून केलं ते हेच. युरोपातल्या चर्चमधले पाइप ऑर्गन अशा रीतीने नोंदवून हौप्टवर्क नावाच्या सॉफ्टवेअरवर जगभरचे वादक वाजवतात. दुसरी वाट गणिताची आहे. फ्रान्सची मोडार्ट कंपनी पियानोटेक नावाचं सॉफ्टवेअर बनवते. त्यात रेकॉर्डिंग नसतं, तार, हातोडी, लाकूड यांच्या भौतिकशास्त्राच्या समीकरणांतून आवाज तिथल्या तिथे घडतो. याच पद्धतीने त्यांनी ऑस्ट्रियातल्या क्रेम्सएगच्या आणि जर्मनीत हाले इथल्या हेंडेल हाउसच्या संग्रहातले हार्प्सिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड (पियानोच्या आधीची पट्ट्यांची वाद्यं) आणि सुरुवातीचे पियानो पुन्हा ऐकू येतील असे केले. चित्रपटाला संगीत देणारा माणूस आज हे आवाज विकत घेऊन वापरतो.

तेव्हा आर्ट्सला अजिबात टाकू नका. वर लिहिलेल्या दोन्ही वाटा भौतिकशास्त्रातून जातात. शिवाय प्रवेशाचाही प्रश्न आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी विभागासाठी पदवी कोणत्याही विषयातली चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. त्या वर्षीचं माहितीपत्रक तुम्ही वाचालच, तरी आज विज्ञान सोडून ते दार स्वतःहून लावून घेऊ नका. बारावीनंतर गोंडवाना किंवा नागपूर विद्यापीठाच्या चांगल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करू द्या. पुढे ध्वनिमुद्रणाकडे जायचं, संग्रहालयातल्या वस्तू जतन करण्याच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे जायचं, की संगीत आणि संगणक यांच्या संशोधनाकडे, हे तीन वर्षांनी तीच ठरवेल. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात या शेवटच्या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि तिथल्या गटाने आपल्या हिंदुस्थानी रागसंगीतावरही काही वर्षं काम केलं आहे. आज लांबचं वाटेल, पण नाव माहीत असू द्या.

कान मात्र कॉलेजात तयार होत नाही. त्यासाठी तिला आत्ताच पेटीची शिस्तशीर तालीम हवी. ब्रह्मपुरी, वडसा, नागपूर, जिथे जमेल तिथे आठवड्यातून एकदा गुरूसमोर बसलीच पाहिजे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा कॉलेज सांभाळून देता येतात. संगीताचीच पदवी घ्यावी असं पुढे वाटलंच, तर खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तुमच्यापासून फार लांब नाही. गोंदियाच्या पलीकडे, छत्तीसगडात. १९५६ पासून तिथे हेच शिकवतात. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दोन वर्षं, महिन्याला पाच हजार रुपये. ती अठराची झाली की अर्ज करायचा.

पैशाचं स्पष्ट बोलते. पहिली काही वर्षं केवळ आवाज जपण्याच्या कामावर घर चालणार नाही. ज्यांचं चालतं ते त्याच्या जोडीला स्टुडिओत काम करतात, शिकवतात किंवा वाद्यं दुरुस्त करतात. यातलं तिसरं तुमच्या भागात सगळ्यात आधी जमू शकतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. विदर्भात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल, आणि मंडळ आहे तिथे पेटी आहे. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, उन्हाळ्यात तुमच्याकडच्या ४५-४६ अंशांत तेच लाकूड तडकतं, भात्याच्या घड्या फाटतात, आत झुरळं आणि उंदीर लोकर-चामडं कुरतडतात. बरीच मंडळं मग ती पेटी कोपऱ्यात ठेवतात आणि कीबोर्ड घेतात. सुट्ट्यांत एखाद्या पेटी कारागिराच्या हाताखाली तिला बसू द्या. मुलगी आहे म्हणून कोणी नाक मुरडेल, तिकडे लक्ष देऊ नका. पेटी उघडून भाता चिकटवणारा, सूर लावणारा हात ज्याला आहे, त्याचं रेकॉर्डिंगही वेगळं होतं, कारण आवाज कुठून येतो ते त्याला ठाऊक असतं. नागपूरचे मनोहर चिमोटे मोठे वादक होतेच, पण त्यांनी पेटीच्या रचनेतही बदल केले, तिला स्वरमंडळ हे तारांचं वाद्य जोडलं आणि 'संवादिनी' म्हणून ती मैफलीत एकल वाजवली. वाजवणं आणि उघडून बघणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे विदर्भाने पाहिलेलं आहे.

आता थोडं मुलीशी बोलते.

बेटा, तुझी रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. काम मनापासून झालं आहे, म्हणूनच बारकाईने सांगते. मोबाईल आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. त्यामुळे तुझा खर्जाचा सा आणि तारसप्तकातला सा एकाच जोराचे झाले आहेत. खऱ्या ऑर्गनमध्ये ते तसे नसतात. खर्जाचा सूर उठायलाही किंचित उशीर घेतो, कारण मोठी पितळी जीभ हलायला वेळ लागतो. तू प्रत्येक सुराचं तोंड नेमकं कापल्यामुळे तो उशीर गेला. शेवटही कापलास. पट्टी सोडल्यावर आतली झडप बसते तेव्हा 'ठप' असा मऊ आवाज येतो, तो राहू दे. व्हॉक्स ह्युमाना नावाचा स्टॉप, म्हणजे आवाजाची जात बदलणारी खुंटी, ओढलास की आत हवेवर एक पातं फिरतं आणि सूर थरथरतो. तो स्टॉप तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नाहीच. पातं अडकलं असेल तर जोर लावू नको, फोटो काढून ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं : तू सॉफ्टवेअरने प्रत्येक सूर सरळ ४४० च्या मापात बसवला आहेस. ते मागे घे. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी आणली आणि ती तीस वर्षं टिकली, त्यामागची एक तक्रार हीच होती की पेटीचे सूर सारख्या अंतराच्या ठराविक साच्यातले असतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही ही दुसरी. तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पेटीचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. तुझ्या आजोबांच्या ऑर्गनमधला मधला गंधार मुळात त्या साच्याहून उतरलेला असू शकतो. तसा आहे का, आणि असला तर तो बिघाड की कोणीतरी कानाने लावलेला, हे सगळे सूर मोजल्यावरच कळेल. तोवर प्रत्येक सूर आहे तसा ठेव, आणि पट्टीगणिक कंपनसंख्या वहीत लिही.

आता पुन्हा रेकॉर्ड करशील तेव्हा मोबाईल नको. फायली एमपीथ्री नकोत, वेव्ह हव्यात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. ध्वनिसंग्रहालयं किमान एवढं धरतातच. हिशोब आधी कर : तुझ्या ऑर्गनला ६१ पट्ट्या आहेत. चार स्टॉप वेगवेगळे आणि प्रत्येकी हलका व भरलेला असे दोन दाब धरले तर ४८८ नोंदी होतात. एका दिवसाचं काम नाही. प्रत्येक सूर निदान दहा सेकंद धरायचा, पाय एकसारखे चालवायचे. पायऑर्गनच्या भात्याचा स्वतःचा श्वास असतो, तोही कोणताच सूर न दाबता वेगळा नोंदव. पावसाळ्यात बसू नकोस, बेडूक आणि रातकिडे प्रत्येक नोंदीत येतील. धानाच्या मळणीचे दिवसही सोड. उन्हाळ्यात पहाटे, लाईट गेलेली असताना, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम कर. पंखा, फ्रिज आणि शेजारच्या मोटारीची घरघर तेव्हाच थांबते.

भाऊ, तोपर्यंत ऑर्गन जमिनीवरून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवा, वाळवी फळ्यांना लागली तर आधी दिसेल. चुलीच्या धगीपासून आणि दारातल्या उन्हापासून लांब असू द्या. प्लास्टिकने झाकू नका, आत दमट धरतं. जुनं सुती लुगडं पुरेल. सुरांना तेल लावू नका, धूळ चिकटते. पॉलिश तर नकोच.

खर्चाचं : लगेच काही विकत घेऊ नका. दोन मायक्रोफोन आणि ते लॅपटॉपला जोडायचं यंत्र नागपुरात भाड्याने मिळतं. आणि झाडीपट्टीच्या कंपन्यांतले वादक आता बहुतेक कीबोर्डच घेऊन फिरतात. तुमच्या वडिलांसोबत बसलेला कोणी वादक अजून हयात असेल, तर रेकॉर्डिंग झाल्यावर मुलीला घेऊन त्यांच्याकडे जा आणि आवाज त्यांना कीबोर्डवर वाजवायला द्या. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होईल, त्यांनी मान्य केलेला आवाज वडशाच्या कंपन्यांच्या एका तरी नाटकात त्या हंगामात वाजायला हवा. त्याचे पैसे घ्या, थोडे असले तरी घ्या, आणि पावती मुलीच्या नावाने करा.