वर्षभर दाढीचं सामान घ्यायचं नाही? आधी कपाट मोज

भावा, शपथबिपथ नंतर. आधी कपाटातलं सगळं बाहेर काढून मोज. आठवड्याला तीन दाढ्या म्हणजे वर्षाला १५६. एक ब्लेड पाच दाढ्या धरलं, तर ३२ ब्लेडं झाली, पाचची सात पाकिटं. माझ्याकडे मोजली तेव्हा १४० ब्लेडं निघाली. बायको नुसती बघत राहिली!

साबणाची वडी चांगली मुरते, तिची काळजी नको. क्रीमच्या उघडलेल्या ट्यूबा मात्र आधी संपव. आफ्टरशेव्ह संपलं तर तुरटीचा खडा फिरव, तेवढं पुरतं. तुरटी घेतली तर नियम मोडला असं मी तरी धरत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात बाथरूम महिना महिना वाळत नाही. ब्लेडं तिथं ठेवू नकोस, कपड्याच्या कपाटात ठेव. दाढी झाली की रेझर उघडून, धुऊन, झटकून ठेव. ब्रश झटकून लटकव, केस खाली.

खरी परीक्षा महाद्वार रोडला. पहिले दोन महिने तिथल्या दाढीच्या सामानाच्या दुकानाच्या बाजूनं जाऊच नकोस, समोरच्या कडेनं चाल. मी तिसऱ्या महिन्यात ‘नुसतं बघतो’ म्हणून आत गेलो आणि ब्रश घेऊन बाहेर आलो.