अभियांत्रिकीनंतर इंटरॅक्शन डिझाइन : ती दोन वर्षे कशी जातात

संगणक अभियांत्रिकीची पदवी आहे, चित्रकलेचा हात मात्र नाही. अशा वेळी इंटरॅक्शन डिझाइनमध्ये (म्हणजे माणसे अ‍ॅप, यंत्रे कशी वापरतात हे पाहून त्यांची रचना करण्याच्या विषयात) एम.डेस. ही डिझाइनची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी करावी का आणि तिथले दिवस कसे जातात, असे तुम्ही विचारले आहे. मी याच वाटेने पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात गेले होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

चित्रकलेची धास्ती आधी सोडा. एम.डेस.च्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या सीड परीक्षेच्या दुसऱ्या भागात रेखाटन असते आणि त्यासाठी रोज हात चालवावा लागतो हे खरे, पण आमच्या वर्गात अभियंते बरेच होते आणि सगळे निभावले. दमछाक होते ती वेगळ्याच ठिकाणी. प्रश्न हाती आला की लगेच उत्तर बांधायला बसायचे, ही आपली सवय. इथे मात्र आठवडेच्या आठवडे माणसांना काम करताना पाहण्यात आणि त्यांचे ऐकण्यात जातात.

माझा पहिल्या वर्षीचा प्रकल्प किराणा दुकानातील उधारीच्या नोंदींसाठी मोबाइल अ‍ॅपचा होता. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर मोबाइलचे पडदे रेखाटून मी एका दुकानदारकाकांकडे गेले. त्यांनी कागदावरच बोट ठेवत नोंद केली, रक्कम जमा केली. पण 'हटवा' या बटणापाशी थांबले आणि गल्ल्याखालची लाल वही काढून माझ्यासमोर उघडली. फेडलेल्या प्रत्येक रकमेवर एक आडवी रेघ होती आणि रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. "पुसून टाकलं तर गिऱ्हाईक विचारेल, काय खोडलं? रेघ त्याच्यासमोर मारायची असते," ते म्हणाले. खात्यांची नावेही 'पिवळी चाळ, वरचा मजला', 'इस्त्रीवाल्यांची सून' अशी होती, आणि मी तीन आठवडे खपून केलेली शोधाची सोय आडनावावर चालत होती. चूक माझीच होती. आधीच्या दोन भेटींत मी प्रश्नच विचारत राहिले. वही दाखवता का, असे एकदाही म्हटले नव्हते.

अशा भेटींतले एकेक निरीक्षण चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायचे आणि सारख्या चिठ्ठ्या एकत्र आणत त्यांतून अर्थ शोधायचा, हे काम सर्वाधिक वेळ खाते. जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाच्या पद्धतीवरून हे आले आहे. पवईच्या पावसात चिठ्ठ्या सादळून गळतात, म्हणून प्रत्येकीवर क्रमांक घाला. आम्ही एकदा रात्री दोन वाजता सव्वाशे चिठ्ठ्या जमिनीवरून वेचल्या आहेत.

ज्यूरीपुढचे, म्हणजे परीक्षकांच्या मंडळापुढचे, सादरीकरण जड जाते, पण त्याची सवय होते.

मराठी येणे हे इथे मोठे भांडवल आहे. आयडीसीत घडलेला 'स्वरचक्र' कळफलक वापरून पाहा : व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती त्याची स्वरचिन्हांसह रूपे गोलाकार उमटतात आणि बोट सरकवून हवे ते निवडता येते. बाराखडी ज्या क्रमाने आपल्या मनात बसलेली असते, त्याच क्रमाचा हा उपयोग आहे. असे काम करण्याची संधी मला फार मोलाची वाटते.

अर्ज भरण्याआधी एक करा. एसटी स्थानकाच्या चौकशी खिडकीजवळ दोन तास उभे राहून कोण काय विचारतो, कोण उत्तर न कळताच मागे फिरतो, हे शब्दशः लिहून काढा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. दोन्ही दिवशी वही भरली, तर सीडच्या तयारीला लागा. नुसता कंटाळाच आला, तर एम.टेक.चा विचार अधिक बरा.