लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यांवरचे माहितीपट दाखवून स्पॅनिश शिकवता येतं का?

येतं, पण ए-टू पातळी (युरोपीय भाषामापनातली दुसरी, प्राथमिक पायरी) पार केलेल्यांना. त्याआधी नुसता गोंधळ उडतो.

कोलंबियाचंच घ्या. किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर सान बासिलिओ दे पालेंके हे गाव आहे, गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेलं. तिथल्या माहितीपटांतले तीन-चार मिनिटांचेच तुकडे निवडा. म्हातारी माणसं जुने दिवस सांगू लागली की अपूर्ण भूतकाळाची रूपं ओघानेच कानावर पडतात. पुस्तकातला तक्ता त्यापुढे फिका. आधी सबटायटल्सशिवाय दाखवा, मग स्पॅनिश सबटायटल्ससह. इंग्रजी लावलीत की मुलं ऐकायचं सोडून वाचत बसतात.

एक मात्र सांभाळा. या गावात दोन भाषा चालतात. एक किनारपट्टीची स्पॅनिश, जिच्यात शब्दाअखेरचा 'स' बऱ्याचदा गळतो. दुसरी पालेंकेरो: बहुतेक शब्द स्पॅनिशमधून आलेले, पण व्याकरण वेगळं आणि किकोंगो या आफ्रिकी भाषेची छाप असलेली स्वतंत्र क्रिओल, म्हणजे भाषांच्या मिश्रणातून घडलेली भाषा. कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते आधीच सांगा, नाहीतर वर्ग पालेंकेरोला अशुद्ध स्पॅनिश ठरवून मोकळा होतो.

आदिवासींवरचे माहितीपट हवे असतील तर कोलंबियातल्याच काउका प्रांताकडे वळा. मार्ता रोद्रिगेस आणि होर्हे सिल्वा यांचा कोकोनुको या आदिवासींच्या जमीनलढ्यावरचा १९८२चा माहितीपट जबरदस्त आहे, मात्र अवघड. तो बी-टूवाल्यांनाच (ए-टूच्या दोन पायऱ्या वर) द्या. सोबत तुलनेसाठी कोलंबियातल्या कृष्णवर्णीय समाजांना सामूहिक जमीनहक्क देणाऱ्या १९९३च्या कायदा क्रमांक ७० मधलं एखादं कलम वाचून घ्या. चर्चेला विषय शोधावा लागत नाही.