बाई, अधिक करू की वजा?

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसवलाय. गणित मांडून दिलं तर पटापट सोडवतो. शाब्दिक उदाहरण आलं की धड न वाचताच विचारतो, "आई, अधिक करू की वजा?" काय करावं?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तो विचारेल तेव्हा सांगू नका, एवढं आधी पाळा. माझी अख्खी नोकरी चौथी-पाचवीच्या वर्गांवर गेली, "बाई, अधिक करू की वजा?" हे रोजचंच. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असे तक्ते काही क्लासवाले पाठ करून घेतात. मला ते अजिबात पसंत नाही. त्याला हे घालून बघा : 'सलमाकडे 45 चिंचोके आहेत. ते राजूकडच्या चिंचोक्यांपेक्षा 12 ने जास्त आहेत. तर राजूकडे किती?' पुष्कळ मुलं 'जास्त' बघून 57 लिहून मोकळी होतात.

पेन्सिल बाजूला ठेवायला लावा. उदाहरण दोनदा वाचू दे, मग पुस्तक मिटून आकड्यांशिवाय तुम्हाला सांगू दे. "दोघांकडे चिंचोके आहेत, सलमाकडे जास्त आहेत." इथवर आला की विचारा, "मग राजूकडे 45 च्या वर असतील की खाली?" 'खाली' म्हणाला की निम्मं काम झालं. आता वहीत दोन आडव्या पट्ट्या, सलमाची लांब, राजूची आखूड. लांब पट्टीचा पुढे आलेला तुकडा 12 चा. 45 मधून तो काढला, राहिले 33. ताळा : 33 आणि 12, 45. वजाबाकी करायची हे कुणी सांगावंच लागत नाही.

ऐकिक पद्धतीतही हीच गत. 6 वह्या 210 रुपयांना, तर 10 कितीला? एकीचे 35, दहांचे 350, हे जमतं. पण 4 मजूर 6 दिवसांत बांध घालतात, तर 3 मजूर किती दिवसांत? तीच चाल लावून साडेचार दिवस येतात. माणूस घटला आणि काम लवकर उरकलं! आधी विचारा, दिवस वाढतील की कमी होतील? मग एकट्याला 24, तिघांना 8.

आणि पोरावर चिडू नका. फ्रान्सात ग्रेनोबलला 1980 च्या सुमारास मुलांना विचारलं होतं : जहाजावर 26 मेंढ्या, 10 शेळ्या, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 जणांनी दिलेल्या आकड्यांतून वय काढून दिलं.

प्रश्न : नात उत्तर बरोबर काढते, पण खाली वाक्य लिहीत नाही म्हणून मार्क जातो. वाक्याचं एवढं काय?
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, तिला हे द्या : सहलीला 43 मुलं, एका जीपमध्ये 8 बसतात, तर जीप किती लागतील? 'भागाकार 5, बाकी 3' लिहून ती वही मिटेल. 'सहलीसाठी ... जीप लागतील' हे वाक्य तिच्याकडून पुरं करून घ्या. 5 लिहिलं, तर उरलेल्या तिघांना कुठं बसवणार ते तिलाच विचारा.